वावरात बसलेली गुणाबाई

निलंग्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गुरुपादप्पांची आडत कुठं, असं कुणालाही विचारा, माणूस हातातलं काम टाकून बोट दाखवणार. त्याच आडतीच्या मागच्या घरात गुणाबाई कोण राहते, असं विचारलं की मात्र तोच माणूस डोकं खाजवायचा. मग म्हणायचा, "हां, ती होय. उमाशंकरची." उमाशंकरला मातीत जाऊन जमाना लोटला, पण बाई आपली अजून त्याच्याच नावानं ओळखली जायची.

गुणाबाई भालकीकडची. लग्न होऊन आली तेव्हा मराठी बोलता बोलता मधेच कानडी घुसायचं आणि सासरचे हसायचे. संसाराची घडी बसते न बसते तोच उमाशंकरची जीप उदगीरच्या रस्त्याला उलटली. लेकरू नव्हतं. बाप न्यायला आला, तर सासरे गुरुपादप्पा ओट्यावर बसूनच म्हणाले, "राहू द्या. एक तोंड काय जड न्हाई आम्हाला." बाप आल्या पावली परत गेला आणि त्या एका वाक्यावर बाईनं अख्खी जिंदगी काढली. सासू अंथरुणाला खिळली, तिचं सगळं हिनं केलं. धाकटा दीर वीरेश तेव्हा शाळेत जायचा. त्याचा डबा, त्याच्या डोक्यातल्या उवा, त्याचं दुखणंखुपणं, सगळं हिच्या गळ्यात. सासू गेली, वीरेश मोठा झाला, लातूरची दामिनी सून होऊन घरात आली, तरी गुणाबाई सगळ्यांच्या मागूनच जेवत राहिली. ताटावर बसण्याआधी घरभर फिरून "ऊटा आयता?" म्हणून विचारायची. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. तेवढं एक कानडी तिच्या तोंडातून कधी गेलं नाही.

आणि अप्पा? अप्पा माणूस वाईट नव्हता, पण शब्दाला भारी चिक्कू. सुनेला काही सांगायचं तर भिंतीकडं बघून सांगायचे. "आत सांगा, चहा ठेवा." नाव कधी घेतलं नाही. गुणाबाईला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं हो. लई वाटायचं. पण सांगते कुणाला.

मागच्या साली अप्पांच्या डोक्यात गाठ निघाली. लातूरला दवाखान्यात नेलं. तिथं त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालायचं म्हणून अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावलं, त्यात गळ्यातली लिंगाची चांदीची डबीही निघाली. आता लिंगायत माणसाचं इष्टलिंग म्हणजे काय? जन्मल्यावर अय्या, म्हणजे आपले जंगम गुरू, बांधतात, ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही, आणि मातीत जाताना तळहातात घेऊनच जायचं. अप्पा शुद्धीत असते तर त्यांनी मशीन परत पाठवली असती, पण लिंग काढू दिलं नसतं. शुद्ध नव्हती म्हणून निभावलं. वीरेशनं डबी खिशात घालून घरी आणली आणि वहिनीच्या हातात दिली.

"वैनी, अप्पांच्या लिंगाची पूजा चुकू देऊ नका."

मग रोज सकाळी आंघोळ करून गुणाबाई दोन पूजा करायची. आधी आपलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, पाणी, भस्म, बेल. ते ताटात ठेवायची आणि मग अप्पांचं घ्यायची. एकाच्या लिंगाची पूजा दुसऱ्यानं केलेली चालते का, हे अय्यांना विचारायला सवड कुणाला होती. दोन्ही लिंगं बोराएवढी, काळी, चकचकीत. शेजारी ठेवली तर परक्याला फरक कळायचा नाही.

एके दिवशी पूजा अशी अर्ध्यात होती आणि लातूरहून फोन आला. दामिनीनं स्वयंपाकघरात हंबरडा फोडला. गुणाबाईच्या हातातलं पाणी सांडलं. तिनं ताटातलं एक लिंग उचलून आपल्या वस्त्रात बांधलं, गळ्यात घातलं, दुसरं डबीत टाकून डबी मिटली, आणि दामिनीकडं धावली.

त्याच दिवशी औशाच्या रस्त्याला जे घरचं वावर आहे तिथं अप्पांना नेलं. लिंगायताला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. फेटा बांधलेले, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा खुर्चीत ताठ बसून आडतीवरून गेले तेव्हा हमालांनी सवयीनं रस्ता मोकळा केला. खड्ड्यातही त्यांना मांडी घालूनच बसवलं. विरूपाक्ष अय्यांनी डबी उघडली, लिंग काढून अप्पांच्या डाव्या तळहातात ठेवलं, बोटं मिटवून वर कापड बांधलं. मग बेल, भस्म आणि पोत्यानं मीठ. गळ्यापर्यंत मीठ, मग डोक्यावरून माती.

अप्पा लिंगैक्य झाले, असं म्हणायचं असतं. माणूस आपल्या लिंगात मिसळला. म्हणून आपल्यात पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही आणि भूत तर नाहीच नाही. मेलेला भटकणार कशाला? तो आपल्या लिंगात असतो.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई पूजेला बसली. लिंग तळहातावर घेतलं आणि अंगठा नेहमीच्या जागी ठेवला. लहानपणापासून अंगठा टेकून टेकून तिच्या लिंगाला एका अंगाला थोडा खळगा पडला होता. अंगठा घसरला. तिनं लिंग फिरवलं, पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा घसरला. सगळीकडून गुळगुळीत होतं ते.

म्हणजे हे अप्पांचं. आणि तिचं? तिचं वावरात, अप्पांच्या मुठीत.

सांगायला पाहिजे होतं, तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, वीरेश रडून रडून सुजलेला, आणि एकदा बसवलेल्या माणसाला परत उकरायचं म्हणजे अख्ख्या समाजात बोभाटा. गुणाबाई गप्प बसली. गप्प बसायची तिला सवय होतीच. तिनं अप्पांचं लिंग गळ्यात बांधलं आणि कामाला लागली.

दिवसपाणी उरकल्यावर वीरेशनं मृत्युपत्र वाचलं. आडत, घर, वावर, सगळं वीरेशला. ते सगळं अप्पांनी स्वतः कमावलेलं, कुणाला द्यायचं ते त्यांची मर्जी. जुन्या गड्याला, शेषेरावला, एक म्हैस. आणि शेवटी एक ओळ: 'माझ्या मयत थोरल्या मुलाच्या विधवेस मागील खोली हयातीपर्यंत वापरण्यास व खाण्यापुरती ज्वारी द्यावी.'

गुणाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. ज्वारी ठीक आहे. खोलीही ठीक. पण शेषेरावचं नाव होतं त्यात. त्याच्या बापाचंसुद्धा नाव होतं. तिचं नव्हतं. ज्वारी कुणी द्यायची, किती, तिला ताप आला तर डॉक्टरकडं कुणी न्यायचं, लुगडं कुणी घ्यायचं, काही नाही. वीरेशच्या मनात येईल तसं. मनात नाही आलं तर नाही.

बाईला असा राग कधी आला नव्हता. अर्ध्या आयुष्याची चाकरी आणि नाव लिहायला शाई पुरली नाही होय? ती सरळ तालुक्याच्या कोर्टासमोर बसणाऱ्या अमरनाथ वकिलाकडं गेली. हा तिच्या माहेरच्या ओळखीतला, तरणा, बोलायला मऊ.

"काकू," अमरनाथ म्हणाला, "तुमच्या नवऱ्याची वेगळी मिळकत न्हाई, लेकरू न्हाई, तुम्ही दुसरं लग्न केलं न्हाई. मग सासऱ्याच्या मिळकतीवर तुमच्या पोटाचा हक्क बसतो. मृत्युपत्र असू द्या. ज्यानं मयताची मिळकत घेतली त्यानं मयताच्या माणसाला नीट पोसायचं, असा कायदा हाय. खोली अन् ज्वारी म्हंजे नीट न्हाई. आपण कोर्टाला वाढवून मागू."

"कागदावर माझं नाव येईल का?"

"तुमचंच येईल की. दावाच तुमचा."

"मग टाक दावा," गुणाबाई म्हणाली. "मला दया नको कुणाची. माझ्या नावानं, माझ्या हक्काचं, एवढंच पाहिजे."

दावा पडला. वीरेशला समन्स गेलं तसं घरात काय झालं असेल ते सांगायला नको. ज्याच्या उवा काढल्या तो म्हणाला, "घरात राहून कोर्टात खेचायली का मला?" दामिनीनं बोलणं टाकलं. गुणाबाई मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहायला लागली. मोंढ्यात मात्र आता लोकांना गुणाबाई कोण ते बरोबर कळायला लागलं.

आणि इथून पुढं ते सुरू झालं.

आधी मीठ. एक दिवस गुणाबाईला वरण खारट लागलं. दुसऱ्या दिवशी मीठ न घालता केलं, तरी खारट. भाकरी खारट, चहा खारट, नुसतं पाणी प्यायलं तरी जिभेवर मीठ. शेजारणीनं चव बघितली, म्हणाली, "बाई, अळणी हाय की गं पार." गुणाबाईनं वरणाचं पातेलं झाकलं. रात्रंदिवस मिठात कोण बसलंय ते तिला ठाऊक होतं.

मग पाय. बसल्या जागी पावलं गार पडायची, ओली व्हायची. हात लावून बघितलं तर कोरडी. पण ओल कळायची, माती तळव्याला चिकटायची, मांडीपर्यंत चढायची. तिला आधी वाटलं वय झालं. मग एकदा शेषेराव वावरातून आला आणि म्हणाला, आत्ताच हरभऱ्याला पाणी सोडून आलो, समाधीच्या अंगानं जरा जास्तच गेलं. तेव्हापासून वावरात मोटार कधी चालू झाली हे गुणाबाईला घरात बसून कळायला लागलं. वीज गेली की पाय कोरडे व्हायचे.

हे सगळं तिचं तिला. पण दुसऱ्यांनाही काहीतरी व्हायला लागलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं. एकदा ज्वारी मागायला ती आडतीत गेली. वीरेश बापाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलत होता. ती दारात आली तसा तो ताडकन उठून उभा राहिला. हात जोडायला अर्धे वरही गेले होते. मग आपण काय केलं ते त्याला कळलं, तोंड लाल झालं, आणि तो उगीचच हमालावर खेकसला. हमाल बिचारा पोत्यावर टेकला होता, तोही उठला होता.

दामिनीचंही तसंच. गुणाबाई मागच्या अंगणात खाकरली की स्वयंपाकघरात दामिनीचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं जायचा. सासऱ्याच्या खाकरण्यावर पदर घ्यायची सवय. तिनं एकदा नवऱ्याला म्हटलं, "अक्का अशा का खाकरायल्यात हो?" वीरेश म्हणाला, "तुला भास व्हायलेत." पण त्यालाही ते ऐकू आलं होतं.

कोर्टात तारखा पडत गेल्या आणि एकदाची गुणाबाईची साक्ष निघाली. पिंजऱ्यात उभं करून तिला ईश्वराची शपथ घ्यायला सांगितलं. शपथ घेताना लिंगायत बाईचा हात गळ्यातल्या लिंगावर जातो, तसा तिचाही गेला. हाताखाली अप्पांचं लिंग. कशीबशी शपथ झाली.

अमरनाथनं विचारलं ते सगळं तिनं नीट सांगितलं. मग वीरेशचे वकील उठले. ते लातूरचे, आवाज मोठा.

"मयतानं हयातीत तुम्हाला काही दागिना, काही वस्तू दिली होती का? आठवून सांगा. शपथेवर आहात."

त्यांना म्हणायचं होतं की बाईला आधीच पुष्कळ मिळालंय. एक 'न्हाई' म्हटलं असतं तर भागलं असतं. गुणाबाईचा हात अजून गळ्याशी होता.

"दिली न्हाई," ती म्हणाली. "पण अप्पांची एक वस्तू माझ्यापाशी हाय."

अमरनाथचा चेहरा उतरला. गुणाबाईनं मग सगळं सांगितलं. दोन लिंगं, फोन, डबी, घसरलेला अंगठा. सांगताना आवाज हलला नाही.

"म्हणजे," वकील हसत म्हणाले, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही स्वतः त्या खड्ड्यात पुरलेल्या आहात?"

"तसं समजा. पण भूक हितं लागते. म्हणून तर दावा केला."

कुणी हसलं नाही. जज साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, प्रश्न पोटगीचा आहे, बाकीचं सोडा, पुढं चला. पण मागच्या बाकावर वीरेश पांढराफटक पडला होता. डबी त्यानंच आणून दिली होती ना. आणि आडतीत आपण कुणासाठी उठून उभे राहिलो होतो, तेही त्याला आत्ता कळलं होतं.

तो कोर्टातून थेट विरूपाक्ष अय्यांकडं गेला. अय्या म्हातारे, सगळं डोळे मिटून ऐकून घेतलं. म्हणाले, "बसवलेल्याला उठवायचं नसतं. समाधी उघडायची न्हाई. पण वर इलाज हाय. मी तुझ्या वैनीला नवं लिंग देतो. ते बांधलं की ती पुन्हा तिची. अप्पांचं लिंग आपण समाधीच्या माथ्यावर ठेवू, वर ओटा बांधू. अप्पा मोकळे."

"अन् तोवर?"

अय्यांनी डोळे उघडले. "तोवर ज्याच्या अंगावर लिंग, त्याच्यात माणूस," म्हणाले.

त्या दिवसापासून घर पालटलं. दामिनीनं गुणाबाईची वेगळी चूल मोडली. पहिलं ताट तिचं. ताटावर वाढताना दामिनी डोक्यावरून पदर घ्यायची आणि भिंतीकडं बघून बोलायची. वीरेशनं ओट्यावर अप्पांची खुर्ची झाडून ठेवली. "बसा," म्हणाला. नुसतं 'बसा'. 'वैनी' म्हणाला नाही. सोयाबीन विकावं का ठेवावं, हे त्यानं येऊन तिला विचारलं, आणि गुणाबाईच्या तोंडातून उत्तर गेलं, "ठेव." कुठून आलं कुणास ठाऊक. वीरेशनं मान हलवली आणि ठेवलं.

अय्या नवं लिंग घेऊन आले. रेशमी कापडात गुंडाळलेलं, कोरं, काळं. गुणाबाईनं ते हातात घेऊन पाहिलं. तिला रडू फुटायचं बाकी होतं, इतका दिलासा वाटला. आणि त्याच वेळी आतून दामिनीनं पितळेच्या पेल्यात गरम दूध आणून तिच्यासमोर ठेवलं, आणि वाकून पायाला हात लावला. जन्मात तिच्या पायाला कुणी हात लावला नव्हता.

"उद्या बांधू," गुणाबाई म्हणाली.

आपण तिला नावं ठेवायची का? ठेवा खुशाल. पण जिनं आयुष्यभर सगळ्यांच्या मागून खरवड खाल्ली, तिला पहिलं ताट मिळालं तर ती ते लोटून देईल काय? शिवाय मनात भीती होती. नवं लिंग बांधलं की आपण पुन्हा गुणाबाई, आणि गुणाबाईला या घरात काय भाव आहे ते तिनं बघितलेलं. अमरनाथनं सांगितलं होतं, निकाल आता जवळ आहे. निकाल लागू दे, कागदावर नाव येऊ दे, मग बांधू. गुणाबाईला हक्काचं मिळालं की मग गुणाबाई व्हायला काय हरकत आहे. असा तिनं हिशोब घातला आणि उद्याचं उद्यावर ढकलत राहिली. अय्या दोनदा येऊन परत गेले.

मीठ लागायचं बंद झालं. तिला बरं वाटलं. पायही ओले व्हायचे थांबले. तेही बरं वाटलं. वावरात जे बसलं होतं त्याची वार्ताच तिच्यापर्यंत येईनाशी झाली, हे तिच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस ती सहज स्वयंपाकघरात गेली आणि दारात थबकली. पळी कुठं असते, पीठ कुठल्या डब्यात, तिला काही उमजेना. जिथं अर्धं आयुष्य काढलं ती खोली तिला पाहुण्याच्या घरासारखी दिसत होती. दामिनी म्हणाली, "काही पाहिजे का?" ती म्हणाली, "आत सांगा, चहा ठेवा." आत कोण होतं? दामिनीच होती. पण दामिनी "जी" म्हणून चहा ठेवायला गेली.

अमावास्येला सगळे वावरात समाधीवर गेले. भर दुपार, हरभरा निघून गेलेला, रान उघडं पडलेलं. वीरेश आणि शेषेराव विहिरीकडं गेले. दामिनी नारळ सोलत होती. गुणाबाई समाधीच्या दगडाशी बसली. आणि मातीतून आवाज आला. मोठा नाही. शेजारच्या खोलीतून कुणी बाई हळू आवाजात बोलावी, तसा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती ती, फार काळजीनं. गुणाबाईनं कान लावला.

"दामिनी," ती म्हणाली, "हितं कोणीतरी बाई कानडीत बोलायली. ऊटा आयता, ऊटा आयता म्हणायली. काय मागायली ती?"

दामिनीच्या हातातला नारळ खाली पडला. तिला काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्हालाच येतं की कानडी."

"मला?" गुणाबाई म्हणाली. "मला कुठलं येतंय."

घरी आल्यावर दामिनीनं नवऱ्याचे पाय धरले. म्हणाली, काय मागतील ते देऊन टाका, कोर्ट देईल त्याच्या दुप्पट द्या, पण अक्काला ते नवं लिंग बांधा. मला अक्का पाहिजे. ती माझ्याशी भांडायची तरी. वीरेशही रडत होता. त्याला डबा भरून देणारी वहिनी आठवत होती. निकाल झाला की त्याच दिवशी अय्यांना बोलावू, असं दोघांनी ठरवलं.

निकालाच्या दिवशी तिघं एकाच रिक्षातून कोर्टात गेले. वादी आणि प्रतिवादी एका रिक्षात, तेही वादी मधल्या मानाच्या जागेवर, हे बघून कोर्टाच्या फाटकातले टायपिस्टसुद्धा मान वळवून पाहायला लागले. अय्या नवं लिंग घेऊन घरी येऊन बसले होते. गुणाबाई पुढच्या बाकावर ताठ बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर.

शिपायानं पुकारा केला, "गुणाबाई भ्रतार उमाशंकर."

कोणी उठलं नाही. शिपायानं पुन्हा पुकारलं. गुणाबाईनं वळून मागं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं, कोण येतंय ते बघायला. शिपायानं तिसऱ्यांदा नाव घेतलं, सगळं कोर्ट इकडंतिकडं बघत होतं, आणि त्या सगळ्यांबरोबर तीही बघत होती.

अमरनाथ तिच्या कानाशी वाकला. "काकू, तुमचंच नाव घ्यायलेत. उठा."

तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. ओळख होती नजरेत, पण जुन्या गिऱ्हाइकाला असते तेवढीच. शेवटी अमरनाथच उठून म्हणाला, वादी हजर आहे साहेब. जज साहेबांनी निकालाचा शेवटचा भाग वाचून दाखवला. वादी गुणाबाई हिनं मयताची व मयताच्या कुटुंबाची दीर्घकाळ सेवा केली आहे. मृत्युपत्रातली तरतूद अपुरी आहे. गुणाबाई हिला हयातभर अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि स्वतंत्र राहणीला पुरेल एवढी रक्कम दरमहा मिळावी, आणि तिचा बोजा मयताच्या वावरावर राहावा. नाव दोनदा आलं त्यात. पूर्ण नाव, नीट, जसंच्या तसं.

मागच्या बाकावर दामिनी तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. वीरेश पुढं आला, वाकला आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "वैनी. वैनी, ऐकलं का? तुमचं झालं. चला घरी, अय्या थांबलेत."

गुणाबाईनं सगळा निकाल लक्ष देऊन ऐकला होता. ती सावकाश उठली, खाकरली, आणि समोरच्या भिंतीकडं बघून समाधानानं म्हणाली,

"बरं झालं. गुणानं लई केलं आमचं."